दोरा आणि घड्याळ

‘‘किती तास लागतात हो?’’

मुलगी न्यू जर्सीला राहायला गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. तेव्हापासून हा प्रश्न मला दूधवाल्यानं विचारला आहे, बँकेतल्या कॅशियरनं विचारला आहे, लग्नात शेजारी जेवायला बसलेल्या अनोळखी बाईंनीही विचारला आहे. ‘किती किलोमीटर?’ असं मात्र आजवर एकानंही विचारलेलं नाही. तीस वर्षं साताऱ्यात भूगोल शिकवला, नकाशाचं प्रमाण काढून अंतर मोजायला पोरांना शिकवलं, चुकलं की गुण कापले. त्यामुळे सुरुवातीला मला या प्रश्नाचा रागच यायचा. अंतर विचारा की! तास काय विचारता?

हळूहळू राग निवळला, कारण आपली भाषा मुळात अशीच बोलते. घर ‘हाकेच्या अंतरावर’ असतं. वाट विचारली की म्हातारा सांगतो, तंबाखू मळून होईस्तोवर पोचाल. दिवसभरात जेवढं चालून होई तेवढी एक मजल, आणि लांबचा प्रवास म्हणजे मजल दरमजल. कोस होता, पण तोही गावागणिक लहानमोठा व्हायचा. साताऱ्याहून महाबळेश्वर साठेक किलोमीटर आणि तेवढंच अंतर हमरस्त्यानं पुण्याच्या दिशेनं, ही दोन अंतरं सारखी आहेत असं एसटीच्या ड्रायव्हरला सांगून पाहा. तो हसेल. घाट चढायचा असतो, हे त्याला नकाशाच्या प्रमाणापेक्षा जास्त कळतं.

विमानाच्या प्रवासात घाट नाही, वळणं नाहीत, सिग्नल नाहीत. तेव्हा इथे तरी किलोमीटर आणि तास यांची सरळ सांगड बसावी, अशी माझी समजूत होती. ती बसत नाही. का बसत नाही, हे शोधता शोधता वह्या भरल्या आणि त्यांचं हे पुस्तक झालं. विषय एवढाच: मुंबई आणि न्यूयॉर्क या दोन शहरांत विमानानं किती अंतर आहे आणि ते कापायला किती वेळ लागतो. एका ओळीत उत्तर देता येईल अशा प्रश्नावर पुस्तक कशाला, असं प्रकाशकांनीही विचारलं होतं.

ते एका ओळीचं उत्तर आधी देऊन टाकते. अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर. जाताना साधारण सोळा तास, येताना चौदा ते साडेचौदा. ज्यांना एवढंच हवं होतं त्यांनी पुस्तक मिटायला हरकत नाही.

राहिलेल्यांसाठी पहिली गंमत सांगते. मुंबई १९ अक्षांशांवर, न्यूयॉर्क साधारण ४१ वर. वर्गातला भिंतीवरचा नकाशा पाहिला तर न्यूयॉर्क मुंबईच्या पश्चिमेला, जरासं वर. पट्टी ठेवून रेघ ओढली तर ती अरबस्तान, इजिप्त, सहारा, मोरोक्को अशी जाते आणि अटलांटिक ओलांडून अमेरिकेला लागते. मी पहिल्यांदा गेले तेव्हा मनात हीच रेघ होती. खिडकीजवळची जागा मुद्दाम मागून घेतली होती. वाळवंट दिसेल म्हणून! समोरच्या पडद्यावर इवलंसं विमान नाक वर करून उत्तरेला निघालं, तेव्हा मला वाटलं, पडदा बिघडला. मग आठवलं की नववीच्या वर्गाला ‘बृहद्‌वृत्त’ दरवर्षी मीच शिकवत आले होते. व्याख्या लिहून द्यायची, फळा पुसायचा. शिकवलेलं आपल्याला समजलंय की नाही, हे तपासायला मला विमानात बसावं लागलं, हे इथे कबूल केलेलं बरं.

पृथ्वीगोल घ्या. मुंबईवर दोऱ्याचं एक टोक धरा, न्यूयॉर्कवर दुसरं, आणि दोरा ताणा. ताणलेला दोरा आपोआप सर्वांत जवळची वाट शोधतो; तीच बृहद्‌वृत्ताची वाट. ही वाट मुंबईहून जवळजवळ उत्तरेकडे निघते. पश्चिमेकडे तिचा कल असतो, पण थोडा. सिंधवरून ती क्वेट्ट्याच्या आसपास जाते, तुर्कमेनिस्तानातलं काराकुम वाळवंट ओलांडते, व्होल्गाच्या खालच्या खोऱ्यापाशी रशियात शिरते आणि फिनलंडच्या आखातावरून स्कँडिनेव्हियात जाते. आइसलंडच्या पूर्वेला समुद्रावर ती सर्वांत वर पोचते, जवळपास ६५ अक्षांशांवर. तिथून उतरणीला लागते. ग्रीनलंडचं दक्षिण टोक, सेंट लॉरेन्सचं आखात आणि मग न्यूयॉर्क. एकोणीसवरून एकेचाळीसला जायचं, तर वाटेत पासष्टला शिवून यायचं! भिंतीवरच्या नकाशावर हा चक्क वळसा दिसतो. हिशेब केला तर उलटंच निघतं. पट्टीनं ओढलेली रेघ सुमारे १४,२०० किलोमीटर भरते, म्हणजे ‘वळशा’पेक्षा सतराशे किलोमीटर जास्त. विमानाच्या वेगानं जवळजवळ दोन तास.

दोष भिंतीवरचा तो नकाशा आखणाऱ्या मर्केटरचा म्हणायचा का? त्यानं १५६९ मध्ये तो नकाशा काढला तो दर्यावर्दींसाठी. होकायंत्राचा कोन एकच ठेवून जहाज हाकता यावं, ही त्याची गरज होती आणि ती त्यानं चोख भागवली. त्याचा नकाशा शाळेच्या भिंतीवर टांगून त्यावर अंतरं मोजायला लावली, ती आम्ही. पुस्तकाचं दुसरं प्रकरण या दोऱ्याचं आहे आणि माझ्या मते तेच सर्वांत चांगलं उतरलं आहे.

आता घड्याळाकडे. लांब पल्ल्याचं जेट साधारण ताशी ९०० किलोमीटरनं उडतं. १२,५०० ला ९०० नं भागा: चौदा तासांना थोडे कमी. मग जाताना सोळा का लागतात? कारण हा वेग हवेतला आहे, आणि हवा स्वतः चाललेली असते. उत्तर गोलार्धाच्या मधल्या अक्षांशांवर, नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचे जोरदार पट्टे वाहतात. यांनाच जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात त्यांचा वेग कधी ताशी तीनशे किलोमीटरच्याही पुढे जातो. वासाबुरो ओइशी या जपानी हवामानशास्त्रज्ञानं १९२० च्या दशकात फुगे सोडून या वाऱ्यांची मोजणी केली होती. आपलं काम जगभर वाचलं जावं म्हणून त्यानं ते एस्पेरांतो या नव्या ‘जागतिक’ भाषेत छापलं, आणि म्हणूनच ते फारसं कुणी वाचलं नाही. दुसऱ्या महायुद्धात जपानकडे निघालेली अमेरिकी बॉम्बर विमानं याच वाऱ्यांत सापडली, तेव्हा बाकीच्या जगाला त्यांची ओळख पटली.

जाताना वारा तोंडावर, येताना पाठीवर. तेव्हा एकीकडे गेलेलं दुसरीकडे भरून निघेल, असं वाटतं. माझ्या विद्यार्थ्यांनाही तसंच वाटायचं. सोपे आकडे घेऊ: वाट १२,८०० किलोमीटर, विमान ताशी ९००, वारा ताशी १००. जाताना वेग ८००, वेळ सोळा तास. येताना वेग १,०००, वेळ १२ तास ४८ मिनिटं. वारा नसता तर प्रत्येक फेरीला १४ तास १३ मिनिटं लागली असती. म्हणजे जाताना गमावले एक तास सत्तेचाळीस मिनिटं आणि येताना कमावले एक तास पंचवीस. बावीस मिनिटं वाऱ्यानं खिशात घातली! कारण साधं आहे. उलट्या वाऱ्यात आपण जास्त वेळ असतो. घाट चढताना गेलेला वेळ उतरताना पुरता परत मिळत नाही, हे त्या एसटीच्या ड्रायव्हरला ठाऊकच आहे.

वाऱ्याचा सर्वांत मोठा धडा मात्र मुंबई–न्यूयॉर्कच्या मार्गावर सापडत नाही. तो दिल्ली–सॅन फ्रान्सिस्कोच्या मार्गावर सापडतो, म्हणून इथे थोडी वाट सोडते. एअर इंडियाचं हे विमान आधी युरोप आणि अटलांटिकवरून जायचं, सुमारे १३,९०० किलोमीटर. २०१६ च्या ऑक्टोबरात ते पहिल्यांदा उलट्या बाजूनं, पूर्वेकडून पॅसिफिकवरून नेलं. अंतर भरलं सुमारे १५,३०० किलोमीटर, चौदाशेनं जास्त. वेळ लागला साडेचौदा तासांच्या आसपास, पूर्वीपेक्षा जवळजवळ दोन तास कमी. वारा सगळी वाट पाठीशी होता. हे वाचलं त्या दिवशी मी माझी जुनी भूगोलाची वही काढली आणि ‘अंतर वाढल्यास वेळ वाढतो’ या वाक्यावर काट मारली.

एवढ्यानं संपत नाही. दोऱ्याला देश कळत नाहीत, विमानाला कळावे लागतात. माझा दोरा निघताच सिंधवर जातो, आणि भारतीय विमानांना पाकिस्तानचं आकाश २०१९ मध्ये फेब्रुवारी ते जुलै बंद होतं. २०२५ च्या एप्रिलात ते पुन्हा बंद झालं. युक्रेनचंही आकाश २४ फेब्रुवारी २०२२ पासून प्रवासी विमानांना बंद. त्याच वर्षापासून अमेरिकी कंपन्यांच्या विमानांना रशियावरून उडता येत नाही, भारतीय कंपन्यांना येतं. म्हणजे त्याच दोन शहरांत उडणाऱ्या दोन विमानांना शेपटीवरच्या झेंड्याप्रमाणे वेगवेगळी वाट घ्यावी लागू शकते. पासपोर्ट फक्त प्रवाशाला लागतो, हा आपला समज. या विषयावर मी एक संतापलेलं प्रकरण लिहिलं होतं. संपादकांनी त्यातला संताप काढून टाकला आणि नकाशे ठेवले. त्यांचं बरोबर होतं.

अटलांटिकवर पोचल्यावर आणखी एक व्यवस्था आहे आणि तिच्याविषयी प्रवाशांना फारसं माहीत नसतं. त्या समुद्राच्या मध्यावर जमिनीवरचं रडार पोचत नाही, म्हणून विमानांसाठी आकाशात वाटा आखल्या जातात, आणि त्या रोज नव्यानं आखल्या जातात. वारा पाहून पश्चिमेकडे जाणाऱ्यांना वाऱ्यापासून दूर नेतात, पूर्वेकडे जाणाऱ्यांना वाऱ्यात बसवतात. फेब्रुवारी २०२० मध्ये वादळी वाऱ्यात बसून एक प्रवासी विमान न्यूयॉर्कहून लंडनला पाच तासांच्या आत पोचलं होतं. तेव्हा ‘न्यूयॉर्क ते लंडन किती तास?’ याला खरं उत्तर ‘कोणत्या दिवशी?’ असं आहे.

इतिहासाचं प्रकरण लिहिताना मी जास्त रमले. कल्याणला जन्मलेल्या आनंदीबाई जोशी १८८३ च्या एप्रिलात कलकत्त्याहून बोटीत बसल्या आणि जूनच्या सुरुवातीला न्यूयॉर्कला उतरल्या. जवळजवळ दोन महिने. वय अठरा वर्षांचं, सोबतीला घरचं कुणी नाही, आणि निघण्यापूर्वी सगळ्या समाजाचं बोलणं ऐकून घेतलेलं. आपण सोळा तासांत पाय आखडले म्हणून कुरकुरतो. सुएझचा कालवा तेव्हा चौदा वर्षांपूर्वीच खुला झाला होता. तो नसता तर आफ्रिकेला वळसा पडला असता. पुढे विमानं आली. १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे जुहूला उतरले. ८ जून १९४८ ला ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान पस्तीस प्रवासी घेऊन मुंबईहून कैरो, जिनिव्हा असं थांबत लंडनला निघालं. १९६० च्या मे महिन्यात एअर इंडियाचं बोइंग ७०७ न्यूयॉर्कला जाऊ लागलं. तेव्हा तिथल्या विमानतळाचं नाव आयडलवाइल्ड होतं; केनेडींचं नाव त्याला १९६३ च्या डिसेंबरात मिळालं. आणि मुंबईहून मध्ये कुठेही न टेकता थेट न्यूयॉर्क, हे एअर इंडियाला २००७ मध्ये जमलं. या सव्वाशे वर्षांत जमिनीवरचं अंतर मात्र जवळजवळ तेवढंच राहिलं.

घड्याळाची दुसरी भानगड वाऱ्याशी संबंधित नाही. रात्री दोनला मुंबई सोडलं की हिवाळ्यात न्यूयॉर्कला सकाळी साडेसातच्या सुमारास उतरतो, त्याच तारखेला. घड्याळाच्या हिशेबानं प्रवास साडेपाच तासांचा! कारण तिथली वेळ आपल्या साडेदहा तास मागे. उन्हाळ्यात ते लोक घड्याळ तासभर पुढे करतात, मग हा फरक साडेनऊ तासांचा होतो, आणि मार्च–नोव्हेंबरात आमच्या घरी फोनच्या वेळांचा घोळ होतो तो निराळाच. येताना तेच तास परत करावे लागतात. साडेचौदा तासांचा प्रवास घड्याळात पंचवीस तासांचा दिसतो. एक अख्खा दिवस कुठे गेला, म्हणून मी एकदा डायरीत शोधत बसले होते. आपण मुंबईकरांना हसायचं कारण नाही, पण याच मुंबईनं देशाची एक प्रमाणवेळ ठरल्यावरही एकोणचाळीस मिनिटं मागे चालणारी आपली ‘बॉम्बे टाइम’ जवळजवळ पन्नास वर्षं सोडली नव्हती. ती १९५५ मध्ये गेली. वेळेवर माणसाचा जीव असतो.

विमानात एकदा शेजारी कोल्हापूरच्या आजी होत्या. त्या दिवशी संकष्टी होती आणि त्यांचा उपास. कॅलेंडरात चंद्रोदयाच्या वेळा गावोगावच्या वेगळ्या छापलेल्या असतात, हे त्यांना पाठ. त्यांनी मला विचारलं, ‘‘बाई, तुम्ही भूगोलाच्या ना? मग आत्ता आपण कोणत्या गावात?’’ मी पडद्यावर पाहून सांगितलं, फिनलंड. त्या म्हणाल्या, ‘‘मग फिनलंडचा चंद्र किती वाजता?’’ मला सांगता आलं नाही. त्यांनी खिडकीचा पडदा वर केला, चंद्र होता, हात जोडले आणि डब्यातला लाडू मला अर्धा दिला. या पुस्तकातल्या कालविभागांच्या प्रकरणात मी बरीच आकडेमोड केली आहे, पण एवढा नेमका निर्णय त्यात कुठेही सापडणार नाही.

त्या रात्रीविषयी आणखी एक. साठ अक्षांशांवर पृथ्वीचा पृष्ठभाग ताशी सुमारे ८३५ किलोमीटरनं पूर्वेकडे फिरतो, विषुववृत्तावरच्या वेगाच्या निम्म्यानं. विमान तिथे ९०० नं पश्चिमेला जात असेल, तर ते पृथ्वीच्या फिरण्याला मागे टाकतं. म्हणून हिवाळ्यात त्या वाटेवर उजाडतच नाही. तासामागून तास जातात आणि बाहेर तोच अंधार. मला पहिल्यांदा ते भीतिदायक वाटलं होतं. आता मी त्यासाठी जागी राहते.

तर आता ‘किती तास?’ याचं माझं स्वतःचं उत्तर. साताऱ्याहून सहारच्या विमानतळापर्यंत सहा तास, कारण वाशीला गर्दी लागणार हे गृहीत. विमानाच्या आधी तीन-चार तास. विमान सोळा. मग पासपोर्टची रांग, सामानाचा पट्टा. माझी बॅग एकदा आलीच नाही, त्यात दिवाळीचा फराळ होता. तिथून लेकीच्या घरी तासभर. दारापासून दारापर्यंत अठ्ठावीस-तीस तास भरतात आणि तिकिटावर लिहिलेले सोळा त्यात निम्म्याहून थोडे जास्त. तिकिटावरचे तासही विमान उडण्यापासून धरलेले नसतात. जागेवरून हललं तिथपासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंत ते धरतात, आणि उशीर झाला असं वाटू नये म्हणून त्यात कंपन्या थोडी भर घालतात. वीस मिनिटं लवकर पोचलो म्हणून टाळ्या वाजवणाऱ्यांनी पुस्तकातलं या तासांचं प्रकरण जरूर वाचावं.

पुस्तकात काय नाही, हेही सांगायला हवं. तिकीट स्वस्त कधी मिळतं, व्हिसाच्या मुलाखतीत काय विचारतात, विमानात झोप कशी लागते, यांतलं काही नाही. झोप मला स्वतःलाच लागत नाही. गणित आहे, पण दहावीच्या पुढचं नाही. गोलाच्या त्रिकोणमितीचं एक सूत्र परिशिष्टात ढकललं आहे, ते वगळलं तरी काही बिघडत नाही. आकडे शक्य तिथे मी स्वतः करून पाहिले आहेत. ‘सुमारे’ हा शब्द तुम्हाला पुस्तकभर खटकेल. तो मी मुद्दाम ठेवला आहे. ज्या अंतराला वारा, युद्ध आणि सरकारं रोज हात लावतात, त्याचा शेवटचा आकडा मीटरपर्यंत सांगणाऱ्यावर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

दूधवाल्याला मी आता ‘जाताना सोळा, येताना चौदा’ असं सांगते. त्यानं परवा विचारलं, ‘‘रस्ता तोच ना?’’ हा प्रश्न मला नववीच्या एकाही वर्गानं कधी विचारला नव्हता. पाचवं प्रकरण त्याच्यासाठी आहे.

वाचकांना एकच विनंती. दुसरं प्रकरण उघडण्याआधी घरात, शेजारी किंवा जवळच्या शाळेत एखादा पृथ्वीगोल मिळतो का पाहा. तीस सेंटिमीटर व्यासाचा मिळाला तर उत्तम. त्यावर मुंबई ते न्यूयॉर्क दोराही तीसच सेंटिमीटरचा लागतो. गाठीसाठी थोडा जास्त घ्या. दोरा शिवणाचा घ्यावा. लोकर घेऊ नका, ती ताणली जाते आणि न्यूयॉर्क उगाच जवळ येतं.